जुना विनोदी सिनेमा नीट बघायचा तर

हॉलिवूडच्या मार्क्स बंधू या विनोदी नटांनी ‘अ नाइट ॲट दि ऑपेरा’ (१९३५) चित्रित करण्याआधी त्यातले विनोदी प्रवेश घेऊन रंगमंचावर दौरा केला होता. लोक कुठे हसतात, किती वेळ हसतात ते टिपून घेतलं आणि कॅमेऱ्यासमोर तेवढा वेळ सोडला, म्हणजे थिएटरातल्या हशात पुढचं वाक्य बुडू नये. आपल्याकडे असा मुद्दाम दौरा काढायची गरजच नव्हती. दामुअण्णा मालवणकर, राजा गोसावी, शरद तळवलकर ही सगळी नाटकात मुरलेली माणसं. वाक्य टाकायचं, हशा चढू द्यायचा, तो ओसरायला लागला की पुढचं वाक्य, हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं आणि स्टुडिओतही ते सुटलं नाही.

म्हणूनच असा चित्रपट एकट्याने, मोबाइलवर, हेडफोन लावून बघितला की ‘स्लो’ वाटतो. तो स्लो नसतो. हशासाठी सोडलेल्या जागा तेवढ्या रिकाम्या राहिलेल्या असतात. त्या भरायच्या तर चांगली प्रत लागते, टीव्हीची थोडी कानउघाडणी करावी लागते आणि मुख्य म्हणजे माणसं लागतात. याच क्रमाने जाऊ, पण आधी काय बघायचं ते ठरवू.

पाहिलेल्यापासून न पाहिलेल्याकडे

एकदम १९३८ सालात उडी मारू नका. कान आणि डोळे तयार नसतात, आणि मग ‘जुनं ते आपल्यासाठी नाही’ असा शिक्का बसतो. जो चित्रपट घरात सगळ्यांचा पाठ आहे तिथून मागे चालत जा.

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) घ्या. ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ माहीत नाही असं मराठी घर विरळा. पण हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ (१९६६) किती जणांनी पाहिला आहे? बनवाबनवीचं बीज तिथलं, आणि त्याच्याही मागे ‘जयमा काली बोर्डिंग’ हा बंगाली चित्रपट. घरमालकाची अट, बायकोचं सोंग, उघडं पडण्याची भीती, सगळं ओळखीचं. पण चाल वेगळी, गाणी वेगळी, आणि आपल्याकडे त्यात काय वाढवलं हे शोधण्याची गंमत वेगळीच. गुलजारांचा ‘अंगूर’ (१९८२) आवडत असेल तर त्यांनीच लिहिलेला ‘दो दूनी चार’ (१९६८) बघा. तिथे किशोरकुमार आणि असित सेन दुहेरी भूमिकांत आहेत. गोष्ट तीच, शेक्सपिअरच्या जुळ्यांच्या दोन जोड्यांची.

या वाटेवरचं माझं सगळ्यांत आवडतं ठिकाण म्हणजे एकच प्रवेश तीन भाषांत बघणं. दिग्दर्शक श्रीधर यांनी तमिळमध्ये ‘कादलिक्क नेरमिल्लै’ (१९६४) केला, मग त्यांनीच हिंदीत ‘प्यार किये जा’ (१९६६), आणि त्यावरून महेश कोठारेंचा ‘धूमधडाका’ (१९८५). तिन्हींत सिनेमाचं वेड लागलेला मुलगा श्रीमंत बापाला आपल्या चित्रपटाची गोष्ट ऐकवतो. तमिळमध्ये नागेश आणि बालय्या, हिंदीत मेहमूद आणि ओमप्रकाश, मराठीत लक्ष्मीकांत बेर्डे आणि शरद तळवलकर. पहिल्यांदा बघताना आपण सांगणाऱ्याकडे बघतो, कारण आवाज तो काढत असतो, हातवारे तो करत असतो. दुसऱ्यांदा बघताना नजर फक्त ऐकणाऱ्यावर ठेवा. भयपटाची गोष्ट सांगताना मेहमूद तोंडाने दाराची करकर काढतो, वारा काढतो. ओमप्रकाश खुर्चीत आक्रसत जातात, कपाळावरच्या आठ्या आधी वैतागाच्या असतात त्या हळूहळू भीतीच्या होतात, आणि तुम्ही हसता ते त्या बदलाला. भूत कुठेही दिसत नाही. सांगणारा नट चेंडू टाकतो, धाव काढणारा ऐकणारा असतो. एवढं एकदा लक्षात आलं की पुढे कुठलाही जुना विनोदी प्रवेश बघताना नजर आपोआप गप्प बसलेल्या माणसाकडे जाते.

मग आणखी मागे जायचं. राजा परांजपे यांचे ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’ एकाच वर्षातले, १९५२ मधले. ‘लाखाची गोष्ट’मध्ये दोन कफल्लक मित्रांना लाख रुपये ठरलेल्या मुदतीत उडवायचे असतात आणि पैसे काही केल्या संपत नाहीत. पटकथा-गीतं गदिमांची, संगीत सुधीर फडक्यांचं, त्यामुळे ‘त्या तिथे पलीकडे’ कानावरून गेलेलं असतंच. नायक राजा गोसावी यांनी पुण्याच्या भानुविलास टॉकीजच्या खिडकीवर बसून आपल्याच या चित्रपटाची तिकिटं विकली, हा किस्सा प्रसिद्ध आहे. पडद्यावरचा कफल्लक इतका खरा का वाटतो त्याचं उत्तर त्यात असावं. पुढच्या वर्षी ‘गुळाचा गणपती’ आला, सबकुछ पु. ल. त्यात भीमसेन जोशींचं ‘इंद्रायणी काठी’ आहे. लोक गाणं ऐकतात, चित्रपट बघत नाहीत. पुलंची पुस्तकं पाठ असलेल्यांनीही पडद्यावरचा त्यांचा नाऱ्या पाहिलेला नसतो, याचं मला कायम आश्चर्य वाटतं.

आणि मग ‘ब्रह्मचारी’ (१९३८). मास्टर विनायकांचा, अत्र्यांचा. व्याख्यान ऐकून ब्रह्मचर्याची शपथ घेतलेला औदुंबर, आणि त्याची परीक्षा घ्यायला आलेली मीनाक्षी शिरोडकर. ‘यमुनाजळी खेळू खेळ’ या गाण्यातल्या पोहण्याच्या पोशाखावरून तेव्हा गहजब झाला, तेवढंच आता लोकांना ठाऊक असतं. खरी मजा औदुंबर ज्या संघटनेत जातो तिथल्या कवायतीची आणि शिस्तीची जी टर उडवली आहे तिच्यात आहे. ती आजही लागू पडते. कुणाला, ते तुम्हीच ठरवा.

शीर्षकांऐवजी लेखणीचा माग काढला तरी चालतं. वसंत सबनीस हे नाव धरा. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य त्यांचं, दादा कोंडके त्यातूनच गाजले. ‘सोंगाड्या’ (१९७१) त्यांचा आणि बनवाबनवीचं लेखनही त्यांचंच. तमाशातला हजरजबाबीपणा पुण्याच्या वाड्यात कसा शिरला ते या तीन नोंदींत दिसतं. तसंच सई परांजपे यांचा ‘कथा’ (१९८३): तो हिंदी म्हणून बाजूला पडतो, पण मूळ नाटक श. गो. साठे यांचं ‘ससा आणि कासव’ आणि चाळ अस्सल आपली.

प्रत तपासा, मगच बसा

जुन्या मराठी चित्रपटांच्या इंटरनेटवरच्या बऱ्याच प्रती व्हीसीडीवरून किंवा दूरदर्शनवरून मुद्रित करून चढवलेल्या असतात. नायट्रेट या जुन्या, झटकन पेट घेणाऱ्या फिल्मवरचं बरंच काही तर जळून किंवा विरघळून गेलं. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत अशी हजारो रिळं गेली. त्यामुळे ‘आहे ते गोड मानून घ्या’ ही वृत्ती समजू शकतो. पण एकाच चित्रपटाच्या तीन-चार प्रती उपलब्ध असतात आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पाच मिनिटं खर्च करून तपासा.

आधी लांबी. चित्रपटाची मूळ लांबी शोधा आणि प्रतीशी ताडून बघा. थोडा फरक असेल तर घाबरू नका. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) चालते, आपल्याकडच्या ‘पाल’ (PAL) या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडी-व्हीसीडी २५ ने. त्यामुळे १०० मिनिटांचा चित्रपट काहीही न कापता ९६ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. पण १४० मिनिटांचा चित्रपट ११५ मध्ये आटोपत असेल तर कात्री लागली आहे, आणि ती बहुधा गाण्यांवर किंवा ‘बिनकामाच्या’ विनोदी प्रवेशांवर.

मग आकार. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचे चित्रपट जवळजवळ चौकोनी, ४:३ च्या आसपासचे. ते आजच्या रुंद पडद्यावर भरून दाखवायचे दोनच मार्ग: ताणायचे किंवा कापायचे. ताणलं तर माणसं एक तृतीयांशाने जाड होतात. कापलं तर वरून-खालून मिळून पाव चित्र जातं. ताणलेली प्रत ओळखायला चित्रात काही गोल शोधा: भिंतीवरचं घड्याळ, सायकलचं चाक, ताट. अंडाकृती दिसलं की पुढची प्रत बघा. कापलेली ओळखायला उभ्या माणसाची टोपी आणि पाय बघा. हे नाजूक डोळ्यांचे चोचले नाहीत. चॅप्लिन आणि बस्टर कीटन हे मूकपटांतले विनोदवीर मुद्दाम आपली पूर्ण आकृती चौकटीत ठेवत, कारण विनोद पायांत असतो. पाय कापले की विनोद कापला.

रंगवलेल्या कृष्णधवल प्रती टाळा. मूकपट असेल तर वेगही बघा. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण १६ ते २२ चौकटी, आणि पुढे त्या २४ ने पळवल्या गेल्या. म्हणून लहानपणी पाहिलेला मूकपट म्हणजे तुरुतुरु पळणारी माणसं, अशी आपली समजूत. विनोदी मूकपटांत थोडा जादा वेग मुद्दामच घेतलेला असे, तेव्हा सगळंच दुरुस्त करायला जाऊ नका. पण साधं चालणंही पळणं वाटत असेल तर यूट्यूबवर वेग ०.७५ करून बघा आणि दुसरीकडून पियानोचं संगीत लावा.

टीव्हीला सांगायच्या चार गोष्टी

चित्राचा आकार ‘ओरिजिनल’, ‘ऑटो’ किंवा ‘४:३’ वर ठेवा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. घरातलं कुणीतरी ‘पडदा भरून कर की’ म्हणेलच. दहा मिनिटांत पट्ट्या दिसेनाशा होतात.

हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सॅमसंगवर ती ‘पिक्चर क्लॅरिटी’ किंवा ‘ऑटो मोशन प्लस’ नावाने असते, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’. तिच्यामुळे टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने बनवून घालतो, आणि जुना सिनेमा काल शूट केलेल्या मालिकेसारखा दिसायला लागतो. घसरून पडण्याचा, दार आपटण्याचा जो झटका असतो तो निघून जातो. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच लावा, हे सगळं एका झटक्यात होतं.

कृष्णधवल चित्र निळसर दिसत असेल तर रंगाची छटा ‘वॉर्म’ करा. आवाज मूळचा एका वाहिनीचा आहे, त्याला सराउंड लावलं की संवाद विहिरीतून आल्यासारखे येतात. ‘स्टँडर्ड’ ठेवा, आणि शब्द कळत नसतील तर ‘क्लिअर व्हॉइस’ चालू करून बघा.

सबटायटल्स असतील तर लाजू नका. परदेशात वाढलेल्या मुलांना लागतातच, पण अत्र्यांच्या काळची भाषा आपल्यालाही सगळी कुठे कळते. फक्त एक तोटा आहे, विनोद नटाच्या तोंडून निघण्याआधी वाचून होतो. ज्यांना भाषा येते त्यांनी खालची पट्टी वाचायची नाही असं ठरवून बसावं.

थिएटरात

मुंबईचं रीगल १९३३ मध्ये उघडलं ते लॉरेल-हार्डीच्या ‘द डेव्हिल्स ब्रदर’ने. दादरच्या कोहिनूरमध्ये ‘सोंगाड्या’ लागावा म्हणून दादा कोंडके आणि बाळासाहेब ठाकरे यांना काय करावं लागलं ती हकीकत तर सर्वश्रुत आहे. विनोदी चित्रपटाला थिएटर मिळणं तेव्हाही सोपं नव्हतं, आता जुन्याला तर नाहीच. तरी संधी येतात. ‘जाने भी दो यारों’ दुरुस्त प्रतीत २०१२ साली पुन्हा लागला, ‘अंदाज अपना अपना’ २०२५ च्या एप्रिलमध्ये. १९९४ साली ज्याच्याकडे लोकांनी पाठ फिरवली होती त्याच्या प्रत्येक वाक्याला आता टाळी.

मल्टिप्लेक्सच्या पुनर्प्रदर्शनांवर नजर ठेवाच, पण कमी गाजलेल्या गोष्टी तिथे येत नाहीत. त्यासाठी पुण्यात लॉ कॉलेज रोडवरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (१९६४ चं, आता एनएफडीसी या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग), आशय फिल्म क्लब, मुंबईत १९६८ पासूनचं प्रभात चित्र मंडळ आणि फिल्म हेरिटेज फाउंडेशन यांचे कार्यक्रम बघत राहा. महोत्सवांत सिंहावलोकनाचा विभाग असतो, तो गर्दी नवीन चित्रपटांकडे धावत असताना निवांत मिळतो.

तिकीट काढताना दोन गोष्टी. खेळ भरलेला निवडा. विनोदी चित्रपटाला रविवारची संध्याकाळ चांगली. मंगळवारी सकाळी सात माणसांत बसलात तर घरी बघितल्यासारखंच. आणि ४:३ चा चित्रपट असेल तर नेहमीपेक्षा दोन-तीन रांगा पुढे बसा. रुंद स्कोप पडद्यावर असं चित्र निम्म्याहून थोडीच जास्त रुंदी व्यापतं, शेवटच्या रांगेतून ते टपाल तिकिटाएवढं दिसतं.

फ्रेंच दिग्दर्शक जॅक ताती यांचा ‘प्लेटाइम’ (१९६७) कधी मोठ्या पडद्यावर आला तर बाकी कामं सोडून जा. तो ७० मिलिमीटरवर चित्रित केलेला आहे आणि त्यातले विनोद पडद्याच्या कोपऱ्यांत, मागच्या टेबलावर, काचेपलीकडे घडत असतात. घरच्या टीव्हीवर निम्मे दिसतच नाहीत.

आणि कृपा करून नटाच्या आधी संवाद म्हणू नका. बरोबर म्हणायला हरकत नाही, ती पुनर्प्रदर्शनाची मजाच आहे. पण आधी म्हटलात की शेजारी पहिल्यांदा बघणाऱ्याचं हसू तुम्ही खाल्लंत.

घरी किंवा सोसायटीत माणसं जमवायची तर

सहा-आठ जण पुरेत, पण दाटीवाटीने बसवा. मोठ्या हॉलमध्ये विखुरलेले वीस जण हसत नाहीत. लहान खोलीत मांडीला मांडी लावून बसलेले आठ हसतात. एकाचं हसू दुसऱ्याला लागायला अंतर कमी हवं. पहिल्यांदा बघणारे निदान निम्मे असावेत. वयं मिसळा: दहा वर्षांचा मुलगा आणि पंच्याहत्तरच्या आजी एका ओळीत बसले की वेगवेगळ्या जागी हशा येतो आणि दोघं एकमेकांना विचारतात, ‘तू का हसलास?’

सुरुवात लांब चित्रपटाने करू नका. आधी अर्ध्या तासाचं काही लावा. माझी शिफारस लॉरेल-हार्डीचा ‘द म्युझिक बॉक्स’ (१९३२), त्या वर्षीच्या विनोदी लघुपटाचं ऑस्कर मिळालेला. दोघांना एक पियानो शंभरहून अधिक पायऱ्या चढवून वरच्या घरी पोचवायचा असतो. एवढीच गोष्ट. पियानो चढतो, घसरतो, पुन्हा चढतो. अखेर वर पोचल्यावर पोस्टमन सांगतो, मागून गाडीचा रस्ता आहे की. आता खरा विनोद: ते तो पियानो उचलून पुन्हा खाली नेतात, रस्त्याने वर आणायला. इथे दोन सेकंदांची शांतता असते, आणि मग खोलीतला सगळ्यांत लहान प्रेक्षक बहुधा सगळ्यांत आधी ओरडतो, ‘अरे, पण आलाच होता ना वर!’ भाषा लागत नाही, ओळख लागत नाही. यानंतर कीटनचा ‘शेरलॉक ज्युनिअर’ (१९२४), जेमतेम पाऊण तासाचा. आणि मग लाखाची गोष्ट.

मध्यंतर द्या, पण चित्रपटाने दिलं आहे तिथेच. गाणी पळवू नका, विनोदी चित्रपटात गाणं हा हसणाऱ्यांना दम घ्यायला दिलेला वेळ असतो. मोबाइल एका टोपलीत.

सोसायटीच्या गच्चीवर किंवा गणपतीत पडदा लावणार असाल तर तो जुना रिवाजच आहे. रस्त्यात आडवा पडदा, दोन्ही बाजूंना माणसं, आणि मागे बसणाऱ्यांना सगळे नट डावखुरे. आता प्रोजेक्टर भाड्याने मिळतो. पडदा रस्त्यावरच्या दिव्यापासून दूर, स्पीकर पडद्याशेजारी ठेवा, प्रेक्षकांच्या मागे नको. पण परवानगीचं बघून घ्या. घरगुती ओटीटी खातं सार्वजनिक खेळासाठी नसतं. चित्रपटाचा कॉपीराइट आपल्याकडे प्रदर्शनानंतर ६० वर्षं चालतो, त्यामुळे पन्नाशीच्या दशकातल्या चित्रपटांची मुदत उलटलेली आहे. मात्र त्यांतलं लेखन आणि गीतं यांचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे हिशेब २०३७ अखेरपर्यंतचा. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनी तर तिथला कायदा पाहून निर्मात्याशी किंवा हक्कधारकाशी लेखी बोलूनच खेळ ठेवावा.

जे आता हसवत नाही

ते असणारच. तोतरेपणा, काळा रंग, जाडी, बायकांना गप्प बसवणं, यांवर उभे असलेले विनोद जुन्या चित्रपटांत पैशाला पासरी आहेत, मोठ्या नावांच्याही. मुलांबरोबर बघताना आधी एकट्याने बघून ठेवा, दादांच्या चित्रपटांना तर हे अनिवार्य. मी असे प्रवेश कापत नाही. तिथे कुणी हसलं नाही तर नाही, आणि कुणी विचारलं तर मध्यंतरात बोलायचं. भाषण मात्र करायचं नाही, बटाटेवडे गार होतात.

आणि अर्धा तास होऊनही खोलीत कुणी हसलं नाही, तर तो चित्रपट त्या दिवशी, त्या मंडळींत चालत नाही एवढंच. बंद करा. ‘पुढे बघ, पुढे मस्त आहे’ म्हणत रेटू नका. ‘द म्युझिक बॉक्स’ परत लावा, तो दुसऱ्यांदाही चालतो.